काच खाली घ्या, साहेब

माझ्या गाडीच्या उजव्या दाराची काच बंद पडली, असं मी म्हणतो. बायको म्हणते, बंद पडायचंय ते गाडीलाच, सुरुवात तेवढी काचेपासून केली आहे. पुढची सगळी हकिगत या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत घडलेली आहे.

आमच्या ऑफिसच्या गेटशी एक खांब आहे आणि खांबावर एक डबी. गाडीच्या काचेतून हात बाहेर काढायचा, डबीला ओळखपत्र दाखवायचं, की आडवा दांडा वर जातो आणि आपण आत. इतकी वर्षं हे काम माझा हात माझ्या परवानगीशिवाय करत आला आहे. त्या दिवशीही अंगठ्याने बटण दाबलं. दाराच्या पोटातून घुर्र असा आवाज आला आणि काच जागची हलली नाही.

"काच खाली घ्या, साहेब," वॉचमन म्हणाला.

"येत नाही," मी काचेआडून ओरडून सांगितलं.

"मग कार्ड कसं दाखवणार?"

"दार उघडतो."

"दार उघडायचं नाही, साहेब. नियम आहे."

त्याने खांबामागच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी वाचायची मला गरज नव्हती. मागे एकदा कुणाच्या तरी उघड्या दारावर तो दांडा आदळला होता. आमचं ऑफिस विम्याचं, त्यामुळे आमच्याच गेटवरचा अपघात आमच्याच टेबलावर आला आणि असं पुन्हा घडू नये म्हणून जो नियम झाला तो मी लिहिलेला होता. 'फाटकाशी वाहनाचे दार उघडण्यास सक्त मनाई आहे. ओळखपत्र काचेतूनच दाखवावे.' त्यातल्या 'काचेतूनच'मधल्या शेवटच्या 'च'साठी मी मीटिंगमध्ये बराच वेळ भांडलो होतो.

"अहो, तुम्ही मला रोज बघता. ओळखता ना मला?"

"मी ओळखतो, साहेब. डबी ओळखत नाही."

माझ्या मागे रांग लागली होती. मला बाहेर पडता यावं म्हणून ती सगळी रांग एकेक करत मागे सरकली. रांगेच्या शेवटी आमच्या मोठ्या साहेबांची गाडी होती, आणि आपल्या खात्यातल्या जबाबदार माणसासाठी मागे सरकताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी आरशात पाहिलं. गाडी मी बाहेर रस्त्यावर, एका झाडाखाली लावली. झाडावर पक्ष्यांची वस्ती दाट होती. संध्याकाळी गाडी ओळखायला मला नंबर वाचावा लागला.

घरी आलो तर मेहुणा बसलेला. हा बायकोचा धाकटा भाऊ. तसा लाख माणूस, पण गाड्या शर्टासारख्या बदलतो आणि प्रत्येक नवी गाडी आम्हाला दाखवायला घेऊन येतो. त्याच्या गाडीशी बोललं की ती उत्तर देते. माझ्या गाडीशी मीही बोलतो, पण उत्तर देण्याचा आगाऊपणा तिने कधी केलेला नाही.

"भाऊजी, विकून टाका आता," तो म्हणाला. "माझ्या ऑफिसातल्या एकाला हात साफ करायला जुनी गाडी हवीच आहे. ठोकली तरी वाईट वाटणार नाही अशी."

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. मला ही गाडी आवडते, ते उघडच सांगतो. मुलगी जन्मली तेव्हा तिला हॉस्पिटलातून घरी याच गाडीतून आणलं, आणि गेल्या वर्षी तिला हॉस्टेलवर सोडायलाही हीच गाडी होती. त्या दिवशी परत येताना आम्ही नवराबायको एक अक्षर बोललो नाही. गाडी मात्र वाटभर तिचा नेहमीचा खडखडाट करत राहिली, आणि तो आवाज होता म्हणून आम्ही घरापर्यंत पोचलो असं मला अजून वाटतं. अशी गाडी कुणाच्या हात साफ करण्यासाठी द्यायची?

"काच म्हणजे काय मोठं," मी म्हणालो. "मी करतो दुरुस्त."

हे वाक्य ऐकून बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरात 'मी करतो दुरुस्त' या वाक्याला इतिहास आहे. स्वयंपाकघरातला नळ त्याची साक्ष आजही टिपटिप देत असतो.

"ठीक आहे," बायको म्हणाली. "शनिवारी हा त्या माणसाला घेऊन येऊ दे. तोवर काच चालायला लागली तर गाडी राहील. नाही चालली तर गाडी जाईल. आणि चालली की नाही ते मी ठरवणार."

पंच पक्षपाती होता, पण दुसरा उपलब्ध नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पेचकस घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. आमच्या इमारतीत माणसाने हातात पेचकस धरला की तो आपोआप सार्वजनिक होतो. पहिले आले चीफसाहेब. हे तळमजल्यावर राहतात, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि जन्मभर त्यांनी नद्यांवर पूल बांधले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दारावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "भार कुठे येतोय ते आधी बघायला हवं."

"काच आहे, चीफसाहेब."

"काचेलाही भार असतो. आमच्या एका पुलाला..." आणि त्या पुलाची गोष्ट पूर्ण होईपर्यंत मला पेचकस खाली ठेवता येईना आणि वापरताही येईना.

पूल संपला तेव्हा समोर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. वाहन धुण्यापुसण्यास परवानगी आहे, दुरुस्तीस नाही. मी स्वतः नियम लिहिणारा माणूस असल्यामुळे दुसऱ्याच्या नियमातली फट मला लवकर दिसते. मी म्हणालो, "दुरुस्ती कोण करतंय? मी दार पुसतोय. आतून."

सेक्रेटरींनी यावर विचार केला. 'आतून पुसू नये' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. "मग हातात फडकं धरा," ते म्हणाले. मी डाव्या हातात फडकं धरलं आणि त्यांचं समाधान झालं. इतकं झालं की तेच वाकून म्हणाले, "त्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करा. माझ्या साडूच्या गाडीचं तसंच उघडलं होतं."

साडूच्या गाडीचं तसं उघडलं असेलही. माझ्या गाडीचं आवरण खालच्या कोपऱ्यातून ओढलं तेव्हा आत टक टक टक असे आवाज झाले आणि प्लास्टिकच्या क्लिपा फुटाण्यासारख्या उडून पार्किंगभर पसरल्या. आवरण माझ्या हातात आलं. दाराच्या आत अंधार होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात जायला खाली उतरल्या. त्या दातांच्या डॉक्टर. उघडं दार पाहून त्यांचा पाय निघेना. त्यांनी पर्समधून तो दांडीचा छोटा गोल आरसा काढला, लहानशी बॅटरी काढली, दारापाशी ओणव्या झाल्या आणि म्हणाल्या, "जरा मोठा आ करा." मग आपणच हसल्या आणि आरसा आत घातला. "मागचं काहीतरी हलतंय," त्यांनी निदान केलं. "काढावं लागेल, किंवा मग तसंच राहू द्या आणि त्या बाजूने वापरू नका."

त्या बाजूने वापरू नका, हा सल्ला गाडी चालवणाऱ्याला उपयोगाचा नाही. चीफसाहेब म्हणाले, जे हलतंय ते सोडवून पुन्हा घट्ट करा. सेक्रेटरी म्हणाले, आधी काच धरा. हे दोन्ही सल्ले बरोबर होते, फक्त त्यांचा क्रम उलटा लागला. मी पेच सोडवला आणि काच, जी दोन दिवस कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती, ती एका झटक्यात खाली गेली आणि दाराच्या तळाशी धाडकन जाऊन बसली.

"आली खाली," सेक्रेटरी म्हणाले.

खाली आली होती खरी, पण आता ती वर येईना. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हे. रात्रभर गाडी उघडी राहिली आणि सकाळी चालकाच्या जागेवर इमारतीतलं मांजर झोपलेलं सापडलं. मी दार उघडलं तेव्हा त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, ते भाडेकरूकडे पाहावं तसं.

त्या दिवशी ऑफिसच्या गेटवर मात्र माझा थाट काय वर्णावा. हात बाहेर, डबी टुक वाजली, दांडा वर. वॉचमन म्हणाला, "झाली का दुरुस्त, साहेब?" मी म्हणालो, "झाली." माणसाने काही प्रश्नांची उत्तरं थोडक्यात द्यावीत. खुर्चीत जाऊन बसतो न बसतो तोच वॉचमन वर आला.

"साहेब, काच उघडी राहिलीय. वर घ्या."

"वर येत नाही."

"उघड्या काचेची गाडी आत लावता येत नाही, साहेब. चोरी झाली तर विम्याचं लफडं होतं. त्याचीपण पाटी आहे."

ती पाटीही माझीच. मी खाली गेलो आणि गाडी पुन्हा त्या झाडाखाली नेऊन लावली. आता काच उघडी होती आणि पक्षी तेच होते. संध्याकाळचं वर्णन करत नाही.

शुक्रवार उजाडला तेव्हा मी शरण गेलो. रस्त्याच्या टोकाला एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वतःच ठेवलं असावं असा मला संशय आहे. चीफसाहेब बरोबर आले होते. या कामात त्यांचा जीव गुंतला होता; पूल अर्धा सोडून जाणारा तो माणूस नव्हे. उस्तादने काच वर काढली, बटण दाबून घुर्र ऐकलं आणि एखाद्या नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगावं तसं सांगितलं, "काचेची मोटार गेली."

"नवी टाक."

"ही मोटार आता येत नाही. कंपनीने बनवायचीच बंद केली. ऑर्डर टाकली तर महिन्याभराने कळेल की मिळत नाही."

उद्या शनिवार. माझ्या डोळ्यांसमोर तो हात साफ करणारा इसम उभा राहिला. तेव्हा चीफसाहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "एका खांबाचा भार दुसऱ्यावर घ्यायचा. डाव्या दारातली मोटार काढा आणि उजव्यात बसवा. डाव्या बाजूला कोण बसतं?"

"बायको," मी म्हणालो.

उस्ताद आणि चीफसाहेब दोघेही माझ्याकडे बघू लागले. निर्णय घरचा होता.

इथे मला थोडं थांबून माझी बाजू मांडायची आहे. डावी काच बायको फक्त एकाच कामासाठी उघडते. आम्ही कुठे नव्या ठिकाणी निघालो, की दुसऱ्याच वळणावर ती काच खाली करते आणि दिसेल त्याला पत्ता विचारते. पानवाला, शाळकरी मुली, कुत्रा फिरवणारे आजोबा, कुणीही तिला चालतं. मला रस्ता माहीत असतो. निदान विचार केला तर आठवेल अशी माझी खात्री असते. पण विचार पूर्ण होण्याआधीच बाहेरचा माणूस खिडकीतून आत डोकावून, बायकोच्या पलीकडून माझ्याकडे कीव येऊन बघत सांगत असतो की तुम्ही बरंच पुढे आलात. तर अशी ती काच. ती कायमची बंद राहिली तर गाडी वाचणार होती, आणि माझा स्वाभिमानही. एका दगडात दोन पक्षी, म्हणून मी म्हणालो, "काढ."

डाव्या दारातली काच उस्तादने वर करून आतून लाकडाची खुंटी मारून पक्की केली. तिची मोटार उजव्यात बसली. मी बटण खाली दाबलं. काच वर गेली. बटण वर ओढलं. काच खाली आली.

"हे उलटं चालतंय," मी म्हणालो.

"चालतंय ना?" उस्ताद म्हणाला. "डावीकडची मोटार उजवीकडे बसली, ती उलटीच फिरणार."

"वायरी उलट्या जोड ना मग."

"जोडतो. पण वायर कापताना तो जुना स्विच हातात आला तर स्विचही मिळत नाही. बघा, तुम्ही सांगाल तसं."

मी स्विचकडे पाहिलं. बिचारा अठरा वर्षांचा होता. "राहू दे," मी म्हणालो. "सवय होईल."

शनिवारी सकाळी मेहुणा त्या माणसाला घेऊन आला. तो अगदीच सज्जन निघाला, त्यामुळे मला त्याचा राग धरणं जड गेलं. चीफसाहेब खुर्ची घेऊन खालीच बसले होते, सेक्रेटरी हजर होते, डॉक्टरीणबाई गॅलरीत होत्या. बायको हात बांधून गाडीपाशी उभी राहिली.

"बघू," मेहुणा चालकाच्या जागेवर बसला. काच वर होती. त्याने बटण खाली दाबलं. घुर्र झालं, काच ढिम्म. पुन्हा दाबलं. "नाही चालत, ताई," तो हळूच म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हे मला इथे नमूद केलं पाहिजे.

"ऊठ, मी दाखवतो," मी म्हणालो. उलटं दाबायचं, हे मी रात्रभर स्वतःला बजावत होतो. पण जागेवर बसलो, समोर एवढी माणसं, आणि अंगठा जुनाच. त्याने अठरा वर्षं जे केलं तेच केलं. घुर्र. मी चिडून अजून जोरात दाबलं. अजून जोरात घुर्र. गाडी आता जाणार असं दिसू लागलं, आणि अंगठा काही केल्या उलटा वळेना.

"सरका," बायको म्हणाली.

ती आत बसली. तिने बटण एकदा न्याहाळलं आणि वर ओढलं. काच लोण्यातून सुरी फिरावी तशी खाली आली. तिने ते खाली दाबलं, काच वर गेली. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"उलटं आहे, एवढंच ना?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं सवयीने दाबता. मला या बटणाची सवयच कुठे आहे? कधी बसू दिलंत इथे?"

हे खरं होतं. लायसन्स तिच्याकडेही आहे, माझ्याच वर्षीचं. पण ती दोनदा गाडी चालवायला बसली तेव्हा मी शेजारी बसून इतके सुस्कारे टाकले, की तिसऱ्यांदा तिने चावी मागितलीच नाही.

"पण ताई, हा दोषच झाला," मेहुणा म्हणाला.

"काच चालते की नाही, एवढंच ठरलं होतं. चालते. गाडी राहील."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी टपावर हात ठेवून उभा राहिलो आणि तो हात बराच वेळ तिथेच राहू दिला. ज्याला हात साफ करायचे होते त्या सज्जनानेही माझं अभिनंदन केलं. मेहुणा म्हणाला, "चला, मग एक चक्कर तरी मारू," आणि सगळे आनंदाने गाडीत बसायला निघाले. बायको उठून तिच्या नेहमीच्या डाव्या जागेवर जाऊन बसली. गाडी उन्हात तापली होती. तिने तिच्या काचेचं बटण दाबलं.

काही झालं नाही. घुर्रसुद्धा झालं नाही.

तिने वर ओढून पाहिलं, खाली दाबून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या टपाकडे पाहिलं. गोष्ट तिथेही निभावली असती, कारण जुन्या गाडीत एखादी काच अचानक बंद पडू शकते, आणि हे वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण चीफसाहेबांना आपलं काम लोकांपुढे यायला हवं होतं. ते खुर्चीतून उठून म्हणाले, "ती कशी चालेल, वहिनी? तिची मोटार काढून इकडे लावली. कल्पना माझी, पण मंजुरी यांची."

बायको गाडीतून उतरली. गाडीला वळसा घालून माझ्यासमोर आली आणि हात पुढे केला.

"चावी द्या."

"अगं, उस्ताद म्हणाला की..."

"चावी. आणि तुम्ही तिकडे बसा. त्या बाजूला कुणी बसलं तरी चालतं ना?"

तेव्हापासून मी तिकडे बसतो. गाडी ती फार चांगली चालवते, हे मला सुस्कारे गिळत कबूल करावं लागतं. सकाळी मला ऑफिसला सोडते. गेटशी बटण वर ओढते, काच खाली येते, माझं ओळखपत्र माझ्या हातातून घेते आणि डबीला दाखवते. वॉचमन तिला सलाम करतो. पक्ष्यांचा संबंध सुटला.

गेल्या रविवारी आम्ही मुलीला भेटायला तिच्या हॉस्टेलवर निघालो. नवा रस्ता झाला होता, त्यामुळे दुसऱ्या वळणावर बायकोने गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि सायकल पुसत उभ्या असलेल्या एका गृहस्थांना रस्ता विचारला. मला रस्ता माहीत होता. म्हणजे आठवत आलाच होता. ते गृहस्थ वाकले, तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि रस्ता पुरुषालाच नीट कळेल असं वाटून गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. त्यांनी बोटाने टकटक केली.

"काच खाली घ्या, साहेब. सांगतो," ते म्हणाले.

मी बंद काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने बायकोकडे खूण केली.